आकड्याची जोखीम

सहा मिनिटं चालायचं, बस्स. सपाट कॉरिडॉर, तीस मीटरच्या दोन टोकांना दोन शंकू, बाजूला एक खुर्ची, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. पळायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत, थांबावंसं वाटलं तर थांबायचं. घड्याळ मात्र थांबत नाही. फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे पेशंट चालतात आणि मी मीटर मोजते. गेली कित्येक वर्षं माझं हेच काम आहे.

या कॉरिडॉरमध्ये एक गोष्ट लवकर कळते. धाप लागलीय हे कुणालाच कबूल करायचं नसतं. एक जण खिडकीशी थांबून बाहेर बघतो, बाहेर बघण्यासारखं काही नसताना. एक बाई भिंतीवरची सूचना वाचायला लागतात. ती हात धुण्याबद्दल आहे आणि मागच्या फेरीलाही त्यांनी ती तितक्याच मन लावून वाचलेली असते.

त्या दिवशीचे काका दोनदा थांबले. आठ खेपा आणि वर अठ्ठावीस मीटर, म्हणजे २६८. चाचणी संपल्यावर काय करायचं तेही आमच्या नियमावलीत लिहिलेलं आहे: पेशंटचं कौतुक करा, पाणी विचारा. मी दोन्ही केलं. ग्लास हातात, श्वास अजून जुळलेला नाही, अशा अवस्थेत त्यांनी विचारलं, "काय ताई, पास का?"

"यात पास-नापास नसतं हो काका," हे माझं ठरलेलं उत्तर. ते खरं नव्हतं. माझ्यासमोरच्या कागदावर चार चौकोन होते आणि चौथा मी आत्ताच भरला होता. बेरीज आली सहा. दहापैकी सहा मिळाले म्हणजे इथे चांगलं नसतं. या सहाचा अर्थ मला ठाऊक होता, थोड्या वेळाने डॉक्टरांना कळणार होता, फाइल हाताळणाऱ्या कुणालाही कळू शकत होता. ज्यांच्या पायांनी तो मिळवला, त्यांनाच तो कळणार नव्हता.

मृत्यूचा धोका मोजावा की नाही, हा प्रश्न मला फारसा अवघड वाटत नाही. मोजावा. मोजल्यावर तो आकडा कुणाच्या अंगावर राहतो, हा माझ्या मते खरा सार्वजनिक प्रश्न आहे. आज तो बहुतेक वेळा बेवारस फिरतो.

आधी तो बनतो कसा ते सांगते. आमच्याकडे सगळ्यात जास्त चालतो तो बोड निर्देशांक. बार्तोलोमे सेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली तो मांडला. आधी २०७ पेशंटांवरून बेतला आणि मग वेगळ्या ६२५ जणांवर तपासून पाहिला. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाणारा आजार, हा त्याचा विषय. त्यात चार गोष्टी धरल्या जातात: उंचीच्या मानाने वजन, फुंकण्याच्या चाचणीत पहिल्या सेकंदाला बाहेर पडणारी हवा, धापेची पायरी आणि सहा मिनिटांत चाललेलं अंतर. काकांचा बीएमआय २०, त्याचा एक गुण. फुंकलेली हवा अपेक्षेच्या ३८ टक्के, त्याचे दोन. सपाटीवर शंभरेक मीटर गेलं की थांबावं लागतं, त्याचे दोन. २६८ मीटरचा एक. मूळ अभ्यासात शून्य ते दोन गुणांच्या पेशंटांपैकी सुमारे ८० टक्के चार वर्षांनी जिवंत होते, पाच-सहा गुणांचे सुमारे ५७ टक्के आणि सात ते दहा गुणांचे जेमतेम १८ टक्के.

हा निर्देशांक मला मनापासून आवडतो, हे सांगून टाकते. तोवर सगळा भर फुंकण्यावर होता. नळीत जोरात फुंका, यंत्र टक्का सांगेल, टक्क्यावरून आजाराची पायरी ठरेल. पण सारख्याच टक्क्याची दोन माणसं माझ्या कॉरिडॉरमध्ये अगदी वेगळी चालतात. एकाच्या मांड्यांवरचं मांस उतरलेलं असतं. दुसरा धापा टाकत का होईना, खेपेमागून खेप पुरी करतो. आजार फुप्फुसांत सुरू झाला तरी मरतो तो अख्खा माणूस, ही साधी गोष्ट बोडने हिशेबात धरली.

आता त्याची मर्यादा. असा अंदाज किती चांगला हे पाहायची एक रीत आहे. मेलेला एक आणि जगलेला एक अशा दोन पेशंटांच्या जोड्या घ्यायच्या आणि मेलेल्याला आधीच जास्त गुण मिळाले होते का ते पाहायचं. नाणं उडवून सांगितलं तरी निम्म्या वेळा बरोबर येईल. नुसत्या फुंकण्याच्या टक्क्याने शंभरातल्या ६५ जोड्या बरोबर येतात, बोडने ७४. प्रगती मोठी आहे, पण चारातली एक जोडी तरीही उलटी लागते.

शिवाय जागा बदलली की तेच माप वेगळं लागू पडतं. २००९ साली काही संशोधकांनी बोड दुसऱ्या दोन गटांवर लावून पाहिला. स्वित्झर्लंडमधल्या पेशंटांपैकी तीन वर्षांत सुमारे २२ टक्के दगावतील असा त्याचा अंदाज होता. दगावले ३४ टक्के. स्पेनमधल्या पेशंटांबाबत अंदाज होता १७ टक्क्यांचा, दगावले १२. एकीकडे कमी सांगितलं, दुसरीकडे जास्त. मग त्यांनी वय, धाप आणि फुंकण्याचा टक्का एवढ्यावरच चालणारं नवं माप केलं. नवं माप करणं हा या क्षेत्राचा आवडता उद्योगच आहे. सीओपीडीच्या पेशंटांचं पुढे काय होणार हे सांगणारी किती मापं आजवर प्रसिद्ध झाली, याचा एक आढावा २०१९ साली निघाला. आकडा आला ४०८. त्यातल्या फक्त अडतीस मापांना कुणीतरी परक्या पेशंटांवर लावून पाहिलं होतं. बाकीची ज्या घरात जन्मली त्याच घरात हुशार ठरलेली.

आणि टक्केवारी एका माणसाला लागू करायची म्हणजे काय? काका ५७ टक्के जिवंत राहणार नाहीत. ते राहतील किंवा जातील. ५७ हा आकडा शंभर अनोळखी माणसांबद्दल बोलतो, आणि त्या शंभरात आपले काका कुठे उभे आहेत हे त्याला माहीत नसतं. या आजाराची चालही तशीच फसवी. महिनोन्महिने माणूस एका पातळीवर असतो, मग एखादी सर्दी छातीत उतरते, दम उसळतो, ॲडमिट करावं लागतं. कधी तो पूर्वीइतका सावरतो, कधी एक पायरी खाली सावरतो, कधी सावरतच नाही. कॅनडातल्या क्विबेकमध्ये ७३ हजारांहून अधिक पेशंटांचा माग काढला गेला, तेव्हा अशा उसळीसाठी पहिल्यांदा ॲडमिट झालेल्यांपैकी निम्मे ३.६ वर्षांत गेलेले दिसले. हा आकडा गंभीर आहे, पण उरलेले निम्मे त्यानंतरही होते, हेही त्याच वाक्यात आहे.

"आकडे सोडा, अनुभवी डॉक्टरांची नजर खरी," असं म्हणणारे पुष्कळ. मीही अशा नजरा पाहिल्या आहेत, काही खरंच विलक्षण असतात. पण त्या नजरेचीही चाचणी झालेली आहे. अमेरिकेत ३४३ डॉक्टरांना त्यांच्या ४६८ मरणासन्न पेशंटांबद्दल विचारलं, हे किती दिवस काढतील? हा अभ्यास २००० सालचा. बरोबर अंदाज पाचातला एकच निघाला. बहुतेक डॉक्टर आशावादी होते आणि सरासरीने त्यांचा अंदाज प्रत्यक्षाच्या पाचपटीहून जास्त निघाला. म्हणजे डॉक्टर गोड बोलतात, असं आपण म्हणू.

थांबा. ब्रिटनमध्ये नव्वदहून अधिक आयसीयूंमध्ये दम उसळून आलेल्या ८३२ पेशंटांबद्दल डॉक्टरांना विचारलं गेलं, हे सहा महिन्यांनी जिवंत असतील का? डॉक्टरांच्या अंदाजाने ४९ टक्के जगणार होते. जगले ६२ टक्के. आणि ज्या पाचव्या हिश्श्याबद्दल डॉक्टरांनी जवळपास आशा सोडली होती, दहातला एखादा वाचेल म्हटलं होतं, त्यांच्यातले प्रत्यक्षात दहातले चार वाचले. २००७ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष मी पहिल्यांदा वाचला तेव्हा कागद खाली ठेवला होता.

यात मला सतावते ती वेगळीच गोष्ट. हे सगळे पेशंट आयसीयूत पोचलेले होते. "आता नको, उगाच हाल होतील" म्हणून ज्यांना दारातूनच परत वॉर्डात पाठवलं गेलं, त्यांचं काय? त्यांच्याबद्दलचा निराश अंदाज कधी चुकतच नाही. व्हेंटिलेटर लावला नाही, माणूस गेला, आणि डॉक्टर म्हणाले, "बघा, मी म्हटलंच होतं." भाकीत करणाऱ्याच्याच हातात ते खरं करायचं साधन असेल, तर त्या भाकिताची परीक्षा व्हायची कशी?

यंत्रं या सापळ्यात आणखी सफाईने अडकतात. १९९०च्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या पेशंटांपैकी कोण दगावेल हे संगणकाला शिकवायचा एक मोठा प्रयत्न झाला. संगणकतज्ज्ञ रिच कारुआना त्या कामात होते, नंतर त्यांनी ही हकीकत बऱ्याचदा सांगितली आहे. संगणकाने हजारो केस चाळून एक नियम शोधून काढला: न्यूमोनियाच्या पेशंटला दमा असेल तर मृत्यूचा धोका कमी! कोणताही शिकाऊ डॉक्टर हसेल. पण आकडेवारीत ते खरंच होतं. दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला की हॉस्पिटल घाबरून त्याला थेट आयसीयूत घेई, आणि त्या जास्तीच्या काळजीमुळे तो वाचे. संगणकाला काळजी दिसली नाही, फक्त वाचलेली माणसं दिसली. त्याचं ऐकून दमेकऱ्यांना घरी पाठवलं असतं तर काय झालं असतं, हे सांगायला नको. हा विचित्र नियम दिसला तो एका साध्या, उघड वाचता येणाऱ्या पद्धतीत. त्याहून अचूक असलेलं पण आतलं काही दिसू न देणारं माप त्यांच्या हाताशी होतं, आणि त्यात असं आणखी काय दडलं असेल या भीतीने त्यांनी ते वापरलं नाही. हा निर्णय मला त्या सगळ्या प्रयत्नातला सगळ्यात शहाणा भाग वाटतो. आज हॉस्पिटलांच्या संगणकांत असे अंदाज आपोआप, कुणी न मागता, फाइलीच्या कोपऱ्यात उमटू लागले आहेत. लाल, पिवळा, हिरवा. लाल रंग कशावरून आला हे विचारलं की खांदे उडवले जातात.

फुंकण्याचा टक्काही काही आकाशातून पडलेला नाही. टक्का म्हणजे कशाच्या तरी मानाने. आणि ते मान माणसांनी ठरवलं. अमेरिकेत कितीतरी वर्षं काळ्या पेशंटांची 'अपेक्षित' हवा गोऱ्यांपेक्षा १० ते १५ टक्के कमी धरायची पद्धत यंत्रांत बसवलेली होती. अपेक्षाच कमी, म्हणून तेवढीच हवा फुंकणारा माणूस कागदावर जास्त धडधाकट. जास्त धडधाकट म्हणून सवलती उशिरा, भरपाई उशिरा, मोठ्या उपचारांच्या रांगेत नाव उशिरा. वंश न बघता एकच मान वापरा, अशी शिफारस तिथल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने केली ती २०२३ साली. आणि मुळात या यंत्राचा जन्म आठवा. जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने १८४६ साली स्पायरोमीटरवर, म्हणजे या फुंकण्याच्या यंत्रावर, दोन हजारांहून अधिक माणसांची मोजमापं प्रसिद्ध केली आणि पूर्ण श्वासाच्या मापाला जीवनाशी जोडणारं नाव दिलं, 'व्हायटल कपॅसिटी'. आयुर्विमा उतरवताना माणूस पारखायला हे यंत्र उपयोगी पडेल, असं त्याचं म्हणणं होतं. थोडक्यात, फुप्फुसांवरून मरण ओळखायची कला पहिल्या दिवसापासूनच पेशंटखेरीज दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर होती.

इतकं ऐकल्यावर कुणी म्हणेल, मग फेकून द्या ही मापं. मी तसं म्हणणार नाही, कारण आकड्यांनी माणसं वाचवलेलीही मला ठाऊक आहेत.

फुप्फुसांचा फुगलेला, निकामी भाग कापून काढायची शस्त्रक्रिया घ्या. एका मोठ्या अमेरिकी चाचणीत २००१ साली मधेच लक्षात आलं, की ज्यांची फुंकलेली हवा २० टक्क्यांच्या आत आहे आणि शिवाय फुगवटा सगळीकडे सारखा पसरलेला आहे किंवा वायू रक्तात पोचायची क्षमताही तितकीच खालावली आहे, त्यांच्यापैकी १६ टक्के शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत मरतात. औषधांवरच राहिलेल्या तशाच पेशंटांत त्या तीस दिवसांत कुणीही गेलं नव्हतं. त्या गटासाठी शस्त्रक्रिया तिथल्या तिथे बंद झाली. उलट ज्यांचा फुगवटा वरच्या भागात होता आणि चालायची ताकद कमी होती, ते शस्त्रक्रियेनंतर जास्त जगले. धोका मोजला नसता तर दोन्ही गट एकाच टेबलावर गेले असते.

ऑक्सिजनचंही तसंच. ब्रिटनमधल्या १९८१च्या अभ्यासात रक्तातला ऑक्सिजन फार खाली गेलेल्या ८७ जणांपैकी निम्म्यांना दिवसाचे पंधरा तास ऑक्सिजन दिला. पाच वर्षांत ऑक्सिजनवरच्या ४२ पैकी १९ गेले, बाकीच्या ४५ पैकी ३०. माणसाला नाकात नळी घालून बसवण्यामागे इतका सरळ हिशेब आहे. आणि ज्यांचा ऑक्सिजन थोडासाच कमी आहे अशा ७३८ जणांवर २०१६ साली तोच प्रयोग झाला तेव्हा काहीच फरक पडला नाही, हेही कळलं. कुणाला नळी हवी आणि कुणाला उगाच बांधून घालू नये, हे मोजल्यावाचून समजलं नसतं. फुप्फुस प्रत्यारोपणासाठी नाव कधी घालायचं याच्या आंतरराष्ट्रीय निकषांत बोडचे सात गुण आले, तेही याच कारणाने.

या सगळ्या उदाहरणांत आकड्याच्या पुढे एक कृती जोडलेली होती. बांधलेली, ठरलेली कृती. ती नसली तर काय होतं, हेही एका प्रचंड प्रयोगात पाहून झालंय. अमेरिकेतल्या पाच हॉस्पिटलांत गंभीर आजारी पेशंटांच्या डॉक्टरांना प्रत्येक पेशंटच्या जगण्याचा अंदाज छापून दिला गेला, शिवाय घरच्यांशी बोलायला खास नर्स नेमल्या. निष्कर्ष १९९५ साली आला: शेवटचे दिवस, वेदना, आयसीयूतले दिवस, कशातही फरक नाही. कागद फाइलीत गेला आणि फाइल आपल्या रस्त्याने गेली.

मराठीत जोखीम हा शब्द दोन अंगांनी चालतो. एक अर्थ धोका. दुसरा, जुन्या माणसांच्या बोलण्यातला: कुणी विश्वासाने आपल्याकडे ठेवायला दिलेली मोलाची वस्तू. "अंगावर जोखीम आहे, नीट जा," असं म्हणतात तेव्हा दागिने किंवा रोकड असते. मृत्यूचा अंदाज ही मला या दुसऱ्या अर्थाची जोखीम वाटते. ती पेशंटची ठेव आहे. आपण ती मोजून काढली म्हणजे आपली झाली असं नाही.

म्हणून मला नियम हवाय तो असा. कुणाच्याही फाइलीत मृत्यूचा अंदाज लिहिला, तर तो का काढला आणि त्यावरून आता काय करणार, हे त्याच ओळीत लिहिलेलं असलं पाहिजे, खाली नाव आणि तारीख. चालण्याच्या व्यायामाला पाठवलं, ऑक्सिजन तपासला, प्रत्यारोपणाचं विचारलं, धापेसाठी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास हलका करणाऱ्या उपचारांच्या, लोकांना बोलावलं, पेशंटशी बोलायला वेळ ठरवली. काहीही, पण काहीतरी. काहीच करायचं नसेल तर आकडा काढू नका. तारीख अशासाठी, की हा आकडा शिळा होतो. उसळीतून नुकत्याच उठलेल्या माणसाला चालवून काढलेला बोड दोन महिन्यांनी त्याच माणसाचा राहत नाही. चांगल्या व्यायाम कार्यक्रमानंतर अंतर वाढतं, धाप एक पायरी उतरते, बेरीज खाली येते. बेरीज उतरली म्हणजे आयुष्य तेवढं वाढलं असा हिशेब मात्र मांडू नये, तो मोह आम्हाला फार होतो. शिवाय घरात शांत बसलेल्या माणसाचं माप आयसीयूच्या दारात लावू नये. तिथल्या प्रश्नाला वेगळी मापं आहेत.

आणि केवळ या आकड्याच्या जोरावर कुणालाही काही नाकारता कामा नये. इथे मला हमखास उत्तर मिळतं: बेड एक आणि पेशंट तीन असतील तेव्हा निवड करावीच लागते, मग ती आकड्याने केलेली बरी की कुणाच्या लहरीने? प्रश्न रास्त आहे. ब्रिटनचा तो अभ्यास पाहता, डॉक्टरांच्या निराशेला आवर घालायला आकडा कामी येईलही. पण मग सगळ्यांसमोर ठरलेल्या पद्धतीने निवडा, नकाराचं कारण लिहा, आणि नाकारलेल्यांचं पुढे काय झालं याची नोंद ठेवा. ही शेवटची गोष्ट कुणी करत नाही. ती केल्याशिवाय आपला आकडा बरोबर होता की आपण तो बरोबर केला, हे कधीच कळणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ साली सीओपीडीने ३५ लाख माणसं गेली, जगातल्या मृत्यूंच्या कारणांत चौथा क्रमांक. इतक्या माणसांबद्दलचे निर्णय कुणाच्या तरी हातवाऱ्यांवर चालू आहेत.

राहिला प्रश्न सांगण्याचा. हातवाऱ्यांवरून आठवलं, आमच्या दारात रोजचं दृश्य आहे. पेशंट पुढे, मागे मुलगा किंवा बायको. पेशंटला पाठमोरं ठेवून ते मला खूण करतात, ओठांवर बोट. सांगू नका. खचतील. या प्रेमावर मी शंका घेत नाही. पण ज्याला रात्री तीन उशा लावून बसून झोपावं लागतं, शर्टाची बटणं लावताना मधे थांबावं लागतं, त्याला आपली अवस्था कळत नसेल असं आपण कशावरून धरतो? तो गप्प असतो कारण घरातले सगळे गप्प असतात. मग दोन्हीकडून एकमेकांना सांभाळायचं नाटक सुरू राहतं, आणि एका रात्री अँब्युलन्समध्ये, व्हेंटिलेटर लावायचा का हा प्रश्न अशा माणसाला विचारला जातो ज्याने तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेला असतो.

सांगायचं म्हणजे टक्केवारी तोंडावर फेकायची असंही नाही. तो दुसरा आळस. एका तरुण डॉक्टरांना मी "तुमचा चार वर्षांचा सर्व्हायव्हल ५७ टक्के" असं एका आजोबांना सांगताना ऐकलंय. आजोबांनी मान डोलावली आणि बाहेर आल्यावर मला विचारलं, म्हणजे फर्स्ट क्लास गेला ना थोडक्यात? आधी विचारावं लागतं: पुढचं ऐकायची इच्छा आहे का, किती, आणि कुणासमोर. नको म्हणणाऱ्याला नकोच. हो म्हणणाऱ्याला शंभरांचा हिशेब सांगण्याआधी त्याचे दिवस सांगावेत. नीट गेलं तर कसं जाईल, बिघडलं तर काय होऊ शकतं, आणि कोणत्या खुणेला आपण काय करायचं.

काकांना आमच्या डॉक्टरांनी विचारलं. माझ्या चिठ्ठीमुळे विचारलं असावं, पण ते श्रेय मी घेत नाही. काका म्हणाले, हिच्यासमोरच सांगा. हिच्यासमोर म्हणजे काकूंसमोर, ज्या पाच मिनिटांपूर्वी मला ओठांवर बोट ठेवून गेल्या होत्या. अर्धा तास दार बंद होतं. आत काय झालं मला माहीत नाही, आणि विचारायचा माझा हक्कही नाही.

तीन महिन्यांनी ते परत आले. मधे एकदा ॲडमिट झाले होते, मग सहा आठवडे व्यायामाला येत होते. या वेळी दहा खेपा आणि वर चार मीटर, एकदाच थांबले आणि खिडकीकडे न बघता सरळ खुर्चीत बसले. अंतर वाढलं होतं, पण चौकोनातला गुण तोच, एक, बेरीजही सहाच. चिमटा मात्र बसल्या जागी ८६ दाखवत होता, म्हणून धमनीतल्या रक्ताची तपासणी झाली, आणि घरी ऑक्सिजन लावायचं ठरलं. मी पाणी दिलं. पास का म्हणून त्यांनी विचारलं नाही. पलंग खालच्या मजल्यावर आणलाय म्हणाले, पण आंघोळीची जागा घराच्या दुसऱ्या टोकाला आहे.

"ताई, ती नळी किती मीटरची मिळते?"